पदाधिकारी बदलले, मेल मात्र जुन्यांकडेच! संस्थेच्या सर्व्हरवर प्रत्येकाचा फॉरवर्ड नीट कसा लावायचा?

वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. नवं मंडळ आलं, हारतुरे झाले. कपाटाच्या किल्ल्या, शिक्के आणि प्रोसिडिंग बुक नव्या कार्यवाहांच्या ताब्यात आलं. संस्थेच्या नावावर येणाऱ्या ईमेलचं काय, हे मात्र कुणी विचारलंच नाही. दोन-तीन महिन्यांनी अनुदानाच्या अर्जाची चौकशी करायला गेल्यावर कळतं, की त्रुटी दुरुस्त करून द्या असं पत्र मेलवर केव्हाच येऊन गेलं होतं. कार्यवाह घाईनं संगणकाचं काम बघणाऱ्या मुलाला फोन लावतात, "अरे, आपल्याकडं तर काहीच आलं नाही." तो सर्व्हर बघतो आणि सांगतो, "काका, आलंय. पण ते अजून जुन्या सरांच्या मोबाईलवरच जातंय. फॉरवर्ड कुणी बदललाच नाही." जुने सर आता मुलाकडं पुण्यात. तो मेल त्यांनी बघणं कधीच सोडलेलं. मुदत टळून गेलेली.

प्रसंग नमुन्याचा आहे, पण वाचनालय असो, शिक्षण संस्था असो की पतसंस्था, बेळगाव-निपाणीपासून इंदूर-बडोद्यापर्यंत संस्था चालवणाऱ्यांना तो परका वाटणार नाही. यात दोष ना जुन्या सरांचा, ना सर्व्हरचा. फॉरवर्ड म्हणजे एक ओळ असते. ती कुणी लिहायची, कुठं लिहायची आणि कधी पुसायची, हे ठरलेलं नसतं, एवढंच.

ज्या संस्थांचं स्वतःचं डोमेन आहे आणि मेलसाठी स्वतःचा छोटा लिनक्स सर्व्हर आहे, त्यांच्यासाठी ही माहिती. उदाहरणं पोस्टफिक्स आणि डव्हकॉट या जोडीची आहेत. ही दोन्ही मोफत मिणारी आणि भरपूर वापरली जाणारी सॉफ्टवेअर आहेत. पोस्टफिक्स मेल घेतं आणि पुढं पाठवतं. डव्हकॉट तो पेटीत ठेवतं आणि मोबाईल किंवा संगणकावर वाचायला देतं. फाईलींची आणि आज्ञांची नावं इथं देवनागरीत दिली आहेत. सर्व्हरवर ती रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाईप करायची.

फॉरवर्ड म्हणजे नेमकं काय?

घर बदललं की आपण पोस्टात जाऊन नवा पत्ता देतो. जुन्या पत्त्यावर आलेलं पाकीट पोस्टमन उघडत नाही. नवा पत्ता टाकून पुढं धाडतो. मेलचा फॉरवर्डही असाच. मेलमध्येही पाकीट आणि आतलं पत्र या दोन वेगळ्या गोष्टी असतात. आपल्याला पडद्यावर 'प्रेषक' म्हणून दिसतं ते आतल्या पत्रावरचं नाव. सर्व्हर एकमेकांना मेल देताना मात्र पाकिटावरचे पत्ते बघतात. फॉरवर्ड लावला की पाकिटावरचा घेणाऱ्याचा पत्ता बदलतो. पाठवणाऱ्याचा पत्ता, काही वेगळं केलं नसेल तर, तसाच राहतो. पुढं जी भानगड होते ती याच 'तसाच राहतो'मुळं. ती नंतर बघू.

ही सोय जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन यांनी लिहिलेला सेंडमेल हा प्रोग्राम १९८३ च्या सुमारास युनिक्सबरोबर बाहेर पडला. वापरणाऱ्यानं आपल्या घरच्या फोल्डरमध्ये 'डॉट फॉरवर्ड' नावाची छोटी फाईल ठेवायची आणि तीत पुढचा पत्ता लिहायचा, ही रीत सेंडमेलमुळं रूढ झाली. वित्से वेनेमा यांनी लिहिलेला आणि १९९८ मध्ये जाहीर झालेला पोस्टफिक्सही ती पाळतो.

आधी एक गोष्ट ठरवा : पद वेगळं, माणूस वेगळा

बहुतेक घोळ इथंच होतो. 'कार्यवाह' हा पत्ता पदाचा असतो, आणि तो थेट कुणाच्या तरी खासगी जीमेलवर जोडून दिला जातो. माणूस बदलला की ती जोडणी कुठल्या फाईलमध्ये आहे हे कुणालाच आठवत नाही.

त्यापेक्षा दोन टप्पे करावेत. पहिला टप्पा पदाकडून माणसाकडं. 'कार्यवाह' या पत्त्यावर आलेला मेल सध्याच्या कार्यवाहांच्या, संस्थेच्याच सर्व्हरवर असलेल्या पेटीत पडावा. ही ओळ संस्थेच्या हातात, म्हणजे सर्व्हर बघणाऱ्याकडं. दुसरा टप्पा माणसाकडून त्याच्या सोयीच्या पत्त्याकडं. आपल्या पेटीतला मेल जीमेलवर हवा की नको, हे ज्यानं त्यानं ठरवावं. ही ओळ त्या माणसाच्या हातात. अशी वाटणी केली की मंडळ बदलल्यावर पहिल्या टप्प्यातली एकच ओळ बदलावी लागते. जुन्या सरांचा स्वतःचा फॉरवर्ड कितीही वर्षं तसाच राहिला, तरी पदाचा नवा मेल त्यांच्याकडं जात नाही.

पहिला टप्पा : पदाची ओळ

सर्व्हरवर 'ईटीसी' फोल्डरमध्ये 'अलायसेस' नावाची फाईल असते. तीत डावीकडं पदाचं नाव, मग अपूर्णविराम, आणि उजवीकडं त्या माणसाच्या पेटीचं नाव लिहायचं. दोघांकडं जायला हवा असेल, समजा कार्यवाह आणि सहकार्यवाह, तर मध्ये स्वल्पविराम देऊन दोन्ही नावं लिहावीत. फाईल जतन केल्यावर 'न्यूअलायसेस' ही आज्ञा चालवावी लागते. ती विसरली तर फाईल बदललेली दिसते, पण पोस्टफिक्स जुनीच यादी वाचत राहतो. "मी तर बदललंय की!" ही तक्रार बहुधा इथली असते.

एकाच सर्व्हरवर दोन-तीन डोमेन असतील, किंवा डोमेन 'व्हर्च्युअल' म्हणून नोंदवलेलं असेल, तर ही फाईल त्या डोमेनला लागू होत नाही. तिथं पोस्टफिक्सच्या फोल्डरमधली 'व्हर्च्युअल' नावाची यादी वापरतात. डावीकडं पूर्ण पत्ता, मग मोकळी जागा, उजवीकडं पूर्ण पत्ता. अपूर्णविराम नाही. मुख्य सेटिंग फाईलमध्ये 'व्हर्च्युअल अलायस मॅप्स' या ओळीत या यादीचं नाव असायला हवं. यादी बदलली की 'पोस्टमॅप' ही आज्ञा द्यायची.

दुसरा टप्पा : माणसाची ओळ

इथं दोन वाटा आहेत.

पहिली वाट डॉट फॉरवर्डची. ज्याचं सर्व्हरवर खरंखुरं खातं आणि घरचं फोल्डर आहे, त्यानं त्या फोल्डरमध्ये ही फाईल करायची आणि तीत बाहेरचा पत्ता लिहायचा. पण फक्त बाहेरचा पत्ता लिहिला तर मेल सर्व्हरवर राहतच नाही, सरळ पुढं निघून जातो. आपल्याकडंही प्रत हवी असेल तर आधी उलटी तिरपी रेघ, तिला लागून आपलं खात्याचं नाव, मग स्वल्पविराम, मग बाहेरचा पत्ता, असं लिहावं. त्या रेघेचा अर्थ 'इथं थांब, पुन्हा फॉरवर्ड बघू नकोस' असा. फाईल त्याच माणसाच्या मालकीची हवी आणि दुसऱ्या कुणाला तीत लिहायची परवानगी नको. नाहीतर दुसरंच कुणी त्यात आपला पत्ता घालून ठेवील.

पण डॉट फॉरवर्ड ही फाईल पोस्टफिक्सचा 'लोकल' हा भाग वाचतो. आज बऱ्याच सर्व्हरवर मेल त्या वाटेनं जातच नाही. पोस्टफिक्स तो थेट डव्हकॉटकडं सोपवतो, आणि वापरणाऱ्यांना फक्त मेलपेटी असते, घरचं फोल्डर नसतं. अशा ठिकाणी डॉट फॉरवर्ड कितीही शुद्ध लिहिली तरी ती कुणी उघडूनही बघत नाही.

तिथं दुसरी वाट. तिचं नाव 'सीव्ह', म्हणजे चाळण. मेल गाळण्याच्या नियमांची ही साधी भाषा २००१ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली आणि २००८ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. डव्हकॉटमध्ये 'पिजनहोल' हा जोडभाग बसवला की सीव्ह चालू होतं. 'मॅनेजसीव्ह' ही सेवाही सुरू केली, तिचं पोर्ट ४१९०, की राऊंडक्यूबसारख्या वेबमेलमध्ये सेटिंग्जखाली 'फिल्टर्स' दिसू शकतं. मग कार्यवाहांना फाईल-आज्ञा काही शिकावं लागत नाही. नवा नियम, 'सगळ्या मेलना लागू', कृती म्हणून 'प्रत या पत्त्यावर पाठवा', पत्ता टाईप केला, जतन केलं, झालं.

'प्रत पाठवा' आणि 'वळवा' या दोन वेगळ्या कृती आहेत. नुसतं वळवलं की संस्थेच्या पेटीत काही उरत नाही. सीव्हच्या भाषेत 'रिडायरेक्ट' या शब्दाला 'कॉपी' ही खूण जोडली, तर प्रत मागं राहते. नियम हातानं लिहिणार असाल तर वरती 'कॉपी' हा विस्तार मागवून घ्यावा लागतो.

संस्थेच्या मेलसाठी 'प्रत मागं ठेवा' हाच नियम हवा. पत्रव्यवहार हा संस्थेचा दस्तऐवज आहे. लेखापरीक्षणाच्या वेळी 'तो मेल माझ्या जीमेलवर होता, पासवर्ड विसरलो' हे उत्तर चालत नाही.

फॉरवर्ड लावला, तरी मेल पोचत का नाही?

आता ती पाकिटावरच्या पत्त्याची भानगड. समजा, बँकेनं कार्यवाहांना मेल पाठवला आणि संस्थेच्या सर्व्हरनं तो जीमेलकडं धाडला. पाकिटावर पाठवणारा म्हणून बँकेचंच नाव, पण दारात उभा आहे वाचनालयाचा शिपाई. जीमेलचा पहारेकरी विचारणारच, "तुला बँकेनं पाठवलंय कशावरून?"

ही तपासणी एसपीएफ नावाच्या पद्धतीनं होते. आपल्या नावानं मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून निघू शकतो, याची यादी प्रत्येक डोमेन जाहीर करतं. बँकेच्या यादीत आपला सर्व्हर नसतो. त्यामुळं फॉरवर्ड केलेला मेल या परीक्षेत नापास होतो.

दुसरी परीक्षा डीकेआयएमची. ही पत्रावरच्या लाखेच्या मोहोरेसारखी. पाठवणारं डोमेन मेलवर अंकी सही करतं. मजकूर आणि सही केलेले मथळे वाटेत बदलले नाहीत, तर कितीही हातांतून गेला तरी सही खरी ठरते. तिसरी गोष्ट डीमार्क. २०१५ मध्ये तिचं विवरण प्रसिद्ध झालं. पडद्यावर दिसणाऱ्या प्रेषकाच्या डोमेनशी जुळणारी निदान एक परीक्षा पास झाली पाहिजे, नाहीतर मेलचं काय करायचं हे ते डोमेनच सांगून ठेवतं : जाऊ द्या, स्पॅममध्ये टाका, किंवा परत फिरवा.

फॉरवर्डमध्ये एसपीएफ जवळजवळ ठरून नापास. म्हणजे सगळी भिस्त डीकेआयएमवर. म्हणून फॉरवर्ड होणाऱ्या मेलला हात लावायचा नाही. विषयात 'संशयित' असा शब्द जोडणं, खाली संस्थेची सूचना चिकटवणं, असे प्रकार सर्व्हरवर चालू असतील तर मोहोर मोडते आणि चांगला मेल परत जातो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम आणखी कडक केले. जीमेलवर दिवसाला ५००० किंवा त्याहून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क तिन्ही सक्तीचं झालं. छोट्यांनाही पहिल्या दोनपैकी निदान एक हवंच. त्यामुळं 'आमचा फॉरवर्ड दहा वर्षं चालत होता' हा पुरावा आता कामाचा राहिला नाही.

यावर उपाय आहेत. एक म्हणजे एसआरएस. यात आपला सर्व्हर पाकिटावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता बदलून तिथं आपल्या डोमेनचा पत्ता घालतो आणि मूळ पत्ता सांकेतिक रूपात त्यातच गुंफून ठेवतो. मेल पोचला नाही तर ती सूचना आपल्याकडं येते आणि मूळ पाठवणाऱ्याला परत करता येते. पोस्टफिक्ससाठी 'पोस्टएसआरएसडी' नावाचा छोटा प्रोग्राम हे काम करतो. एसपीएफ पास होतो, पण तो आपल्या डोमेनच्या नावानं. डीमार्कसाठी मूळ डीकेआयएमची सही शाबूत असावीच लागते. दुसरा उपाय एआरसी, २०१९ चा. 'माझ्याकडं आला तेव्हा हा मेल सगळ्या परीक्षा पास होता' असा दाखला आपला सर्व्हर सहीनिशी जोडतो. तो मानायचा की नाही, हे पुढचा सर्व्हर ठरवतो.

आणखी एक : स्पॅम आधी गाळा, मग फॉरवर्ड करा. कचरा जसाच्या तसा जीमेलकडं ढकलला तर तिथं नाव खराब होतं ते आपल्या सर्व्हरचं. मग कार्यवाहांनी स्वतः लिहिलेलं पत्रही स्पॅममध्ये जाऊन पडतं.

गोल गोल फिरणारा मेल

कार्यवाहांनी संस्थेचा मेल जीमेलवर लावला आणि जीमेलचा पुन्हा संस्थेवर लावला, तर मेल दोघांत चेंडूसारखा फिरतो. पोस्टफिक्स पेटीत टाकताना 'हा मेल या पत्त्यावर एकदा येऊन गेला' अशी खूण करतो आणि तोच मेल पुन्हा आला की परत फिरवतो. शिवाय कुठल्याही मेलनं ५० पेक्षा जास्त थांबे घेतले तर तो थांबवला जातो. ही सोय अपघातासाठी आहे. दोन्ही बाजूंनी फॉरवर्ड लावूच नये.

चोराचाही आवडता मार्ग

पासवर्ड चोरीला गेला की चोर नेहमी काही पळवून नेतोच असं नाही. तो गुपचूप एक फॉरवर्ड लावून ठेवतो. बिल, पावती, खाते क्रमांक असे शब्द असलेले मेल आपल्याकडं वळवायचे आणि पेटीत दिसू द्यायचे नाहीत, एवढाच नियम. मग एक दिवस 'आमचा खाते क्रमांक बदलला आहे' असा हुबेहूब मेल येतो आणि पतसंस्थेचे पैसे भलत्याच खात्यात जातात.

यातली वाईट गोष्ट म्हणजे पासवर्ड बदलला तरी तो नियम जात नाही. म्हणून संशय आला की पासवर्ड बदलायचाच, आणि फिल्टरची यादीही उघडून बघायची. मायक्रोसॉफ्टच्या कार्यालयीन मेलसेवेत बाहेरच्या पत्त्यावर आपोआप फॉरवर्ड करणं मुळातच बंद ठेवलेलं असतं, ते यासाठीच. डव्हकॉटमध्येही एका मेलमागं किती ठिकाणी वळवता येईल याची मर्यादा असते. ती ठरवून दिलेली ४ आहे, आणि शून्य केली तर वळवणं पूर्ण बंद होतं. ज्यांच्या पेटीत सभासदांची कागदपत्रं येतात, त्यांच्यासाठी हा पर्याय विचारात घ्यावा.

चाचणी कशी घ्याल?

फॉरवर्ड ज्या जीमेलवर लावला, त्याच जीमेलवरून स्वतःला मेल पाठवून बघू नका. फिरून आलेली प्रत जीमेलला आपल्याच पाठवलेल्या मेलची वाटते आणि ती इनबॉक्समध्ये वेगळी दिसत नाही. मग चालणारा फॉरवर्डही बंद आहे असं वाटतं. तिसऱ्याच कुणाच्या पत्त्यावरून पाठवा.

पोचल्यावर जीमेलमध्ये 'मूळ मेल दाखवा' उघडा. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यासमोर काय लिहिलंय ते बघा. पोचला नाही तर सर्व्हरवरची मेलची नोंदवही, म्हणजे लॉग, वाचा. पुढच्या सर्व्हरनं मेल घेतला की परत फिरवला, आणि का फिरवला, हे बहुतेक वेळा तिथं एका ओळीत सापडतं.

मंडळ बदललं की त्याच आठवड्यात

• पदांच्या यादीतली नावं बदला आणि आज्ञा चालवून ती लागू करा.

• नव्या पदाधिकाऱ्यांना स्वतःची पेटी द्या. जुन्यांचा पासवर्ड पुढं सरकवू नका.

• जुन्या पेट्यांमधले फिल्टर आणि डॉट फॉरवर्ड फाईली तपासा. जुन्या पदाधिकाऱ्यांना आधी सांगा, मग काढा.

• कुणाचा मेल कुठं जातो, याची एक पानाची यादी करून प्रोसिडिंग बुकासोबत ठेवा. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दोघांकडं असावा.

• बाहेरच्या पत्त्याचा आग्रह नसेल तर फॉरवर्डच नको. मोबाईलच्या मेल ॲपमध्ये संस्थेचं खातं दुसरं खातं म्हणून जोडता येतं. मेल सर्व्हरवरच राहतो, पद गेलं की खातं काढलं, प्रश्न मिटला.

कपाटाची किल्ली सोपवताना आपण पोचपावती घेतो, दोघांच्या सह्या घेतो. मेलची ही ओळही किल्लीच आहे. पुढच्या सभेत कारभार हाती देताना तीही यादीत लिहा, म्हणजे पत्र आलं आणि कुणी वाचलंच नाही, अशी वेळ संस्थेवर येणार नाही.